मशीनला कुठला पीसी लावायचा? आय-सेव्हन हरला, जुना डबा जिंकला

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली अडखळ आणि 'अं... म्हणजे' काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. शॉपमधल्या आवाजात ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांना नंतर यादी हाताशी हवी असते, त्यांच्यासाठी. वेळा दिल्यात, हवं तिथून ऐका.

[००:००] सुरुवात

आज गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवार म्हणजे आपला रविवार, त्यामुळे बरेच जण आज निवांत ऐकत असणार.

गेल्या काही दिवसांत एकाच प्रकारचे मेसेज खूप आले. 'दादा, वडिलांच्या गाळ्यात जुनं मिलिंग आहे, त्याला कॉम्प्युटर लावायचाय, कुठला घेऊ?' 'राउटर बनवतोय, आय-फाईव्ह पुरेल का?' 'मशीनचा स्क्रीन गेला, साधा मॉनिटर जोडला तर चालेल का?' म्हणून आजचा विषय हाच: मशीन टूल चालवायला पीसी आणि डिस्प्ले कसा निवडायचा.

आधी एक गोष्ट सांगतो. डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीतल्या एका छोट्या जॉब शॉपमध्ये होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथे एक जुनं मिलिंग मशीन होतं. बॉडी दणकट, पण मूळचा कंट्रोल कधीच गेलेला. शेठनी त्याला स्टेपर मोटर आणि ड्राइव्ह बसवून घेतले, पीसीवर लिनक्स-सीएनसी टाकून घेतलं. आणि पीसी? शेठ म्हणाले, 'एकदाच घेतो, चांगला घेतो.' नवाकोरा आय-सेव्हन आणला. मोठा स्क्रीन, तोही टच.

पहिले दोन आठवडे छान गेले. मग एका रात्रपाळीत फ्लँजवर बारा होल मारायचं काम लागलं. सकाळी क्वालिटीवाल्यानं तपासलं तर बावीस नग रिजेक्ट. सगळी होलं एका बाजूला सरकलेली, सुमारे ०.४ मिमी. प्रोग्राम तोच, फिक्स्चर तेच, टूल तेच. कास्टिंग गिऱ्हाइकाचं होतं, म्हणजे नुकसान दुप्पट. ज्यांनी चाकणला माल पाठवलाय त्यांना माहितीये की तिथे बावीस नगांचं दुःख बावीस नगांवर थांबत नाही. गाडीवाली कंपनी आपल्या मोठ्या सप्लायरला धरते, तो आपल्या शेठला धरतो आणि पुढच्या महिन्याच्या ऑर्डरमध्ये आपलं नाव खाली सरकतं.

आमच्याकडे एक मामा होते, मेंटेनन्सचे. नाव वेगळं, पण सगळे मामाच म्हणायचे. त्यांनी दोन दिवस मोटर, कपलिंग, बॉल स्क्रू सगळं तपासलं. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून ऑफिसचा एक जुना कोअर-टू-ड्युओ काढला, धूळ झटकली आणि मशीनला जोडला. त्यानंतर ते मशीन कधीच सरकलं नाही.

आय-सेव्हन हरला, माळ्यावरचा डबा जिंकला. असं का झालं, हे समजलं की आजचा अर्धा विषय संपला.

[०४:१०] आधी हे ओळखा: तुमचा पीसी नक्की काय करणार?

दुकानात जायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. माझा पीसी मशीन चालवणार आहे की मशीनच्या शेजारी बसून फक्त मदत करणार आहे? आपल्या पट्ट्यात साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार, फॅनक, सीमेन्स किंवा मित्सुबिशीचा कंट्रोल असलेलं तयार सीएनसी किंवा व्हीएमसी. इथे मशीन कंट्रोलरच चालवतो. पीसी फक्त प्रोग्राम पाठवतो, बॅकअप घेतो, किती नग झाले ते मोजतो. इथे साधा पीसी चालतो. तो बंद पडला तर काम अडेल, पण टूल जॉबमध्ये घुसणार नाही.

दुसरा प्रकार, एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं मशीन. भोसरी-चिंचवडमध्ये एसपीएम बनवणारे किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे. तिथे आत पीएलसी असतो आणि बाहेर एचएमआयचा छोटा पॅनल. पीसीचा प्रश्न कमी, डिस्प्लेचा जास्त.

तिसरा प्रकार आमच्या मिलिंगसारखा. जुनी बॉडी, नवा मेंदू. किंवा घरी बनवलेला राउटर, प्लाझ्मा कटिंगचं टेबल. इथे पीसी स्वतः मोटरला सांगतो की आता एवढं हल. खरी काळजी इथे घ्यायची.

आणि एक स्पष्ट सांगतो. रोज तीन पाळ्यांत चालणारं, पोट भरणारं मशीन असेल आणि त्याचा फॅनक धडधाकट असेल, तर 'पीसी टाकून स्मार्ट करू' या भानगडीत पडू नका. पीसी-कंट्रोल तिथे शोभतो जिथे मूळ कंट्रोल मेलाय, त्याचे पार्ट मिळत नाहीत किंवा नवा कंट्रोल मशीनच्या किमतीपेक्षा महाग पडतोय.

[०७:०५] वेग नको, वेळ पाळणारा हवा

आता आय-सेव्हन का हरला ते बघू. थोडं गणित आहे, घाबरू नका, चहा घेता घेता होईल.

स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्राइव्हवर आपण मायक्रोस्टेप १० लावलं, म्हणजे एका फेऱ्याला २००० पल्स. बॉल स्क्रूचा पिच ५ मिमी. म्हणजे १ मिमी सरकायला ४०० पल्स लागतात. आता टेबल मिनिटाला ३ मीटर वेगानं पळवायचंय, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. ५० गुणिले ४००, झाले २०,००० पल्स एका सेकंदात. म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला एक पल्स. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

आमच्या सेटअपमध्ये हे पल्स पीसी स्वतः सोडत होता, मागच्या पॅरलल पोर्टमधून. ढोलपथकाचं उदाहरण घ्या. पथकातला एक जण खूप जोरात वाजवतो, पण मध्येच त्याचं लक्ष मोबाईलकडे जातं. दुसरा साधाच वाजवतो, पण ठेका सोडत नाही. मिरवणुकीत कोण हवा? पल्सचंही तसंच. ५० मायक्रोसेकंदाचा ठेका ठरलाय आणि पीसीला मध्येच दीडशे मायक्रोसेकंद उशीर झाला, तर पळणाऱ्या मोटरला झटका बसतो, ती एखाद-दोन स्टेप गमावते आणि पीसीला पत्ताच नसतो. कारण स्टेपर मोटर उलट सांगत नाही की मी चुकले. पीसी समजतो सगळं ठीक आहे आणि पुढची अकरा होलं सरकलेल्या जागी मारतो.

या उशिराला लेटन्सी म्हणतात, आणि तो कमी-जास्त होण्याला जिटर. लिनक्स-सीएनसीमध्ये तो मोजायची चाचणी आयतीच मिळते, नाव लेटन्सी टेस्ट. त्यांच्या माहितीपुस्तिकेत आकडे सरळ दिलेत. जास्तीत जास्त जिटर १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. ३० ते ५० असेल तर काम होईल, पण मशीन थोडं हळू चालवावं लागेल. १०० च्या वर गेला तर तो पीसी स्वतः पल्स सोडायला नालायक. आमच्या आय-सेव्हनचा आकडा दीडशेच्या वर गेला होता. माळ्यावरच्या डब्याचा? बारा.

नवा पीसी उशीर का करतो? कारण तो हुशार आहे. वीज वाचवायला प्रोसेसर मध्येमध्ये डुलकी घेतो, वेग वर-खाली करतो, ग्राफिक्स आणि मदरबोर्ड आपापली कामं मध्येच घुसवतात. यूट्यूब बघताना तुम्हाला हे कळतही नाही. मोटरला कळतं.

बायोसमध्ये जाऊन वीजबचतीचे पर्याय, सी-स्टेट, स्पीड-स्टेप, हायपर-थ्रेडिंग बंद केलं की बराच फरक पडतो. आम्हीही नंतर केलं, आकडा चाळिशीपर्यंत उतरला. म्हणून 'जुना तो चांगला' असा निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष एवढाच की डब्यावरचं स्टिकर बघून ठरवू नका, मोजून ठरवा.

मोजायला खर्च नाही. लिनक्स-सीएनसी पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालू होतं. सेकंडहँड पीसी घ्यायला जाताना तो पेनड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानदाराला म्हणा, पंधरा मिनिटं द्या. टेस्ट चालू ठेवून व्हिडिओ लावा, खिडक्या इकडून तिकडे ओढा, मोठी फाईल कॉपी करा. आकडा शांत राहिला तर घरी आणा आणि मग तासन्‌तास चालवून बघा.

आणि गंमत म्हणजे हे सॉफ्टवेअर फुकट का आहे माहितीये? त्याची सुरुवात अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेत, एनआयएसटीमध्ये, १९९० च्या दशकात झाली. सरकारी पैशातून झालं म्हणून सगळ्यांसाठी खुलं. सुरुवातीची एक मोठी चाचणी जनरल मोटर्सच्या मिलिंग मशीनवर झाली. तीच जनरल मोटर्स, जिचा प्लांट नंतर २००८ साली आपल्या तळेगावात आला आणि २०२० अखेर उत्पादन थांबलं.

[१२:४०] पीसीकडून पल्सचं काम काढून घ्या

यावर अजून चांगला उपाय आहे. ठेका धरायचं कामच पीसीकडे देऊ नका. मेसासारखी कार्ड मिळतात. ती पल्स स्वतः बनवतात, पीसी फक्त दर एक मिलिसेकंदाला सांगतो की आता कुठे जायचंय. एक मिलिसेकंद म्हणजे १००० मायक्रोसेकंद. त्यात शंभराचा उशीर झाला तरी पोट दुखत नाही. मग नवा पीसीही चालतो, मशीनचा वेगही वाढतो. कार्डाला पैसे पडतात, पण बावीस कास्टिंगचे पैसे आठवा.

जोडायची तार कुठली? थोडक्यात सांगतो.

पॅरलल पोर्ट: स्वस्त आणि ठेक्याला पक्का, पण नवीन मदरबोर्डवर बहुधा नसतो. मॅक-थ्री वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो.

इथरनेट: कार्ड इथरनेटचं असेल तर पीसीपासून कार्डापर्यंत थेट वायर. मध्ये राउटर नको, आणि त्याच पोर्टवर इंटरनेट तर अजिबात नको.

यूएसबी: मॅकसाठी यूएसबीचे मोशन कंट्रोलर मिळतात, ते आत थोडा साठा ठेवून पल्स सोडतात आणि चालतातही. पण शेजारी व्हीएफडी किंवा प्लाझ्मा असेल तर त्यांच्या इलेक्ट्रिकल गोंगाटानं यूएसबी मध्येच सुटतो. आणि सुटतो तोही कट चालू असतानाच. लिनक्स-सीएनसी तर मोटर चालवायला यूएसबीवर विसंबतच नाही.

ज्यांचा पीसी फक्त फॅनकला प्रोग्राम पाठवतो, त्यांच्याकडे बहुतेक आरएस-२३२ ची केबल असते. ती पंधरा मीटरच्या आत ठेवा, शील्डवाली घ्या. आणि मशीन चालू, लॅपटॉप चार्जरवर, अशा वेळी ती केबल घालू-काढू नका. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर पोर्ट जळतो. लॅपटॉपचा जळला तर ठीक, कंट्रोलरचा जळला तर महिना गेला.

[१६:२०] भुकटी, कूलंट आणि एप्रिल महिना

आता डब्याकडे येऊ. ऑफिसचा पीसी गाळ्यात का मरतो?

पहिलं कारण, बिडाची भुकटी. कास्टिंगचं काम जिथे चालतं तिथे ही काळी भुकटी सगळीकडे असते. ती वीज वाहून नेते. पीसीचा पंखा ती आत ओढतो, मदरबोर्डवर बसवतो, वरून कूलंटची वाफ बसते आणि मग एक दिवस 'आपोआप' शॉर्ट होतं.

दुसरं कारण, उष्णता. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. वर पत्र्याचं छप्पर, आत ड्राइव्ह आणि ट्रान्सफॉर्मर तापलेले. पॅनलच्या आत बाहेरपेक्षा दहा-पंधरा डिग्री जास्त सहज होतात. घरगुती पीसी साधारण ३५ डिग्रीपर्यंतचा विचार करून बनवलेला असतो. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० डिग्री वाढलं की आयुष्य निम्मं.

मग आपण काय करतो? पॅनलचं दार उघडतो आणि समोर टेबल फॅन लावतो! हसू नका, चिखली, तळवडे, भोसरी, कुठल्याही गल्लीत जा, दिसेल. त्या फॅननं गारवा येतो आणि भुकटीही येते. दार बंद ठेवा, पॅनलला फिल्टरवाला पंखा किंवा पॅनल कूलर लावा, फिल्टर दर आठवड्याला झटका. पीसी घेताना शक्य असेल तर पंखा नसलेला इंडस्ट्रियल पीसी बघा, जो निदान ५० डिग्रीपर्यंत चालतो असं लिहिलंय. तो महाग आहे. बजेट नसेल तर ऑफिसचा पीसीच घ्या, पण मशीनवर लटकवू नका. वेगळ्या बंद कपाटात ठेवा आणि एकसारखे दोन घ्या. एक चालू, एक स्पेअर.

हार्ड डिस्क टाळा, एसएसडी घ्या, कारण मशीनला कंप असतो. सगळं सेटिंग झालं की त्या एसएसडीची हुबेहूब कॉपी करून, तारीख लिहून, शेठच्या कपाटात ठेवा. पीसी सुपारीएवढ्या बिघाडानं बंद पडतो, पण सेटिंग परत करायला तीन दिवस जातात.

तिसरं कारण, लाईट. पीसीला यूपीएस हवाच. पण गैरसमज नको. यूपीएस जॉब वाचवत नाही. लाईट गेली की स्पिंडल आणि ड्राइव्ह थांबणारच. यूपीएसमुळे पीसी नीट बंद होतो आणि फाईल खराब होत नाही, एवढंच. आणि लाईट परत आल्यावर मशीन आपोआप चालू होता कामा नये. कोणीतरी माणसानं बघून, बटण दाबूनच ते चालू झालं पाहिजे.

विंडोज वापरत असाल तर अजून एक. विंडोज-१० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालवणारा पीसी इंटरनेटपासून तोडा. अपडेटसाठी तो मध्येच रिस्टार्ट झाला तर टूल कुठे असेल याचा विचार करा. आणि ज्या पेनड्राइव्हवर गाणी आहेत, तो मशीनला लावू नका. प्रोग्रामसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा.

[२१:३०] डिस्प्ले: चाळिशीचा चष्मा आणि तेलकट बोट

स्क्रीन निवडताना आपण मोबाईल निवडल्यासारखं करतो. किती इंच, किती पिक्सेल. पण बघणारा कोण आहे? आमचे मामा. चाळिशीचा चष्मा कधीच लागलेला, तोही डोक्यावर. हातात मोजे किंवा हात तेलानं माखलेले. स्क्रीनपासून मीटरभर लांब उभे, नजर जॉबवर.

मीटरभरावरून आकडा सहज वाचायचा तर तो निदान ५-६ मिमी उंच हवा. आता बघा. जुन्या पद्धतीचा १५ इंची चौकोनी स्क्रीन, १०२४ बाय ७६८. त्यावर २० पिक्सेलचा आकडा सुमारे ६ मिमी उंच दिसतो. तोच आकडा १५.६ इंची फुल एचडीवर साडेतीन मिमीच्या आसपास. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण आकडे बारीक केले! फुल एचडी घ्यायचाच तर मोठा घ्या किंवा सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मोठी होतात का ते आधी बघा.

टच हवा का? मोबाईलसारखा जो टच असतो, कपॅसिटिव्ह, तो जाड मोज्यातून चालत नाही आणि त्यावर कूलंटचे थेंब पडले की कधी भलतंच बटण दाबतो, कधी काहीच दाबत नाही. दाबून चालणारा रेझिस्टिव्ह टच मोज्यातून, पेनानं, कशानंही चालतो. दिसायला तितका झकास नसतो, चिप्सनं ओरखडे पडतात, पण शॉपमध्ये तो बरा. माझं मत विचाराल तर टच सेटिंगसाठी ठेवा. सायकल स्टार्ट, फीड होल्ड, फीड कमी-जास्त करायची नॉब, जॉगचं हँडव्हील, ही सगळी खरी, बोटाला लागणारी घ्या. जॉबवरून नजर न काढता ती सापडली पाहिजेत.

डब्यावर आयपी ६५ लिहिलंय का बघा. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलतो. पण दोन सापळे आहेत. एक, बहुतेक पॅनलमध्ये हे फक्त पुढच्या काचेपुरतं असतं, मागची बाजू उघडीच. म्हणून तो पॅनलच्या पत्र्यात नीट गॅस्केट लावून बसवावा लागतो. दोन, ही चाचणी पाण्याची असते, कूलंटची किंवा तेलाची नाही. तेलानं रबर फुगतं, म्हणून गॅस्केट वर्षातून एकदा बघा.

बाकी छोट्या गोष्टी. स्क्रीन आयपीएस घ्या. स्वस्त टीएन पॅनल बाजूनं किंवा खालून बघितलं की रंग उलटे दिसतात. शटरच्या तोंडाशी मशीन असेल तर ब्राइटनेस ४०० निट्सच्या वर हवा, आत असेल तर २५०-३०० पुरतो. मागे व्हेसाची ७५ किंवा १०० मिमीची भोकं आहेत ना ते बघा, नाहीतर स्टँड बसवताना वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागेल. एचडीएमआयला स्क्रू नसतो, कंपानं ती हळूहळू बाहेर येते. व्हीजीए आणि डीव्हीआयला स्क्रू असतात. एचडीएमआयच असेल तर वायर क्लिपनं बांधा. आणि अलार्म फक्त लाल-हिरव्या रंगानं दाखवू नका, शब्दही लिहा. काही जणांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि ते आपणहून सांगत नाहीत.

[२७:१५] जुन्या मशीनचा काचेचा स्क्रीन गेला तर

हा प्रश्न चौघांनी विचारलाय. जुन्या फॅनकवर ९ किंवा १४ इंची सीआरटी असतो, टीव्हीसारखा. तो अंधुक होत जातो आणि एक दिवस जातो. तापकीर गल्लीतून मॉनिटर आणून जोडला तर चालेल का? बहुधा नाही. त्या जुन्या स्क्रीनची आडवी फ्रिक्वेन्सी साधारण १५ ते २५ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि साधा व्हीजीए मॉनिटर साधारण ३१ च्या पुढे सुरू होतो. प्लग बसवला तरी 'आउट ऑफ रेंज' किंवा चार-चार चित्रं दिसतात. यासाठी त्याच मॉडेलचं एलसीडी कन्व्हर्जन किट मिळतं. घेताना कंट्रोलचं मॉडेल आणि जुन्या मॉनिटरच्या मागचा नंबर, दोन्हींचे फोटो दुकानदाराला पाठवा.

आणि दोन सावधगिरीच्या गोष्टी. सीआरटी बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले राहू शकतात. शिकलेल्या माणसाकडूनच काढून घ्या. दुसरं, स्क्रीनला हात लावायच्या आधी मशीनचे सगळे पॅरामीटर बॅकअप घ्या. ते मेमरीत बॅटरीवर जिवंत असतात. बॅटरी बदलायचीच असेल तर कंट्रोल चालू ठेवून बदला. स्क्रीन दोन दिवसांत मिळेल, पण पॅरामीटर उडाले तर मशीन म्हणजे नुसतं बीड.

[३०:४०] लाल बटण

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी शेवटी ठेवलंय, पण तुम्ही पहिलं करा.

आमच्या त्या मिलिंगवर, टच आहे म्हणून, इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवरच ठेवला होता. मोठं लाल गोल बटण, दिसायला एकदम खरं. एके दिवशी एक नवीन मुलगा झिरो घेत होता. एक्सऐवजी झेडचं बटण दाबलं, टूल खाली यायला लागलं आणि त्याचा डावा हात व्हाईसवर. त्यानं स्क्रीनवरचं बटण दाबलं. बोट ओलं होतं, स्क्रीन ओला होता. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मामांनी पळत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला. एंड मिल त्याच्या बोटांपासून कणभर वर थांबलं.

मुलाला काही झालं नाही. पण तो दुसऱ्या दिवशी कामाला आला नाही, नंतरही आला नाही. त्या दिवशी संध्याकाळी मामांनी शेठना विचारलं, 'एवढा महागाचा पीसी आणला, दोनशे-चारशे रुपयांचं बटण नाही आणलं?' शेठ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बटण आलं.

नियम असा आहे आणि आयएसओ १३८५० हे मानकही हेच सांगतं: इमर्जन्सी स्टॉप इतर सगळ्या कामांच्या वर असतो, आणि तो सोडला म्हणून मशीन आपोआप चालू होत नाही. त्यासाठी पिवळ्या पार्श्वभूमीवरचं लाल, छत्रीसारखं, दाबल्यावर अडकणारं खरं बटण हवं. त्याची वायर सेफ्टी रिले आणि कॉन्टॅक्टरमधून ड्राइव्हच्या पॉवरपर्यंत जायला हवी. पीसीला त्याची बातमी द्या, पण थांबवायचं काम पीसीच्या हातात ठेवू नका. पीसी हँग असला तरी बटण दाबताच मशीन थांबलं पाहिजे.

आणि बटणाचा कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड घ्या, एनसी. का? एनसी असेल तर एरवी त्यातून करंट चालू असतो, बटण दाबलं की तुटतो. म्हणजे उंदरानं वायर कुरतडली तरी मशीन थांबतं. उलट एनओ घेतलं आणि वायर तुटली, तर तुम्हाला ते कधी कळणार? ज्या दिवशी बटण दाबाल त्या दिवशी.

[३४:५०] तुमचे प्रश्न, पटापट

*लॅपटॉप चालेल का?* प्रोग्राम पाठवायला, हो. पॅरलल पोर्टनं मोटर चालवायला, नाही. वीजबचत त्याच्या रक्तात असते, ती पूर्ण बंद होत नाही.

*रास्पबेरी पाय?* मेसासारख्या कार्डाबरोबर लिनक्स-सीएनसी त्यावर चालतं. पण एसडी कार्डवर विसंबू नका. लाईट अचानक गेली की ते खराब होतं.

*मोठा टीव्ही लावू का?* किती नग झाले ते सगळ्या शॉपला दाखवायला, मस्त. मशीन चालवायला नको. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, आणि नेमका तिथेच अलार्म असतो. काही तर कोणी रिमोट हलवला नाही म्हणून स्वतःच झोपतात.

*बजेट कमी आहे, आधी कशावर खर्च करू?* याच क्रमानं: लाल बटण, सेफ्टी रिले आणि कॉन्टॅक्टर. मग अर्थिंग आणि शील्डवाल्या वायरी. मग पल्स बनवणारं कार्ड. मग यूपीएस आणि एसएसडी. मग स्क्रीन. प्रोसेसर सगळ्यात शेवटी. हो, शेवटी. जी गोष्ट आपण दुकानात सगळ्यात आधी विचारतो, ती यादीत तळाला आहे.

[३७:३०] जाता जाता

उद्या शुक्रवार, शॉप चालू. एक काम करा. मशीन रिकामं असताना, स्पिंडलमध्ये टूल नसताना, एक अॅक्सिस हळू चालवा आणि इमर्जन्सी बटण दाबा. मग पीसी बंद असतानाही दाबून बघा, ड्राइव्हची पॉवर जाते का. स्वतःला कळत नसेल तर मेंटेनन्सच्या माणसाला सोबत घ्या, एकट्यानं पॅनल उघडू नका. काही गडबड निघाली तर पीसीची खरेदी पुढच्या महिन्यात, आधी ते दुरुस्त करा.

आणि लेटन्सी टेस्ट केलीत तर पीसीचं मॉडेल आणि आकडा आम्हाला पाठवा. आपल्याकडच्या सेकंडहँड दुकानांत कुठला डबा ठेका धरतो, याची यादी आपण सगळे मिळून बनवू. पुढचा माणूस निदान बावीस नग घालवून शिकणार नाही.

भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या, बोटं सांभाळा.